वडील ७६ वर्षांचे, फुफ्फुसात १८ मि.मी.ची गाठ : ऑपरेशन करावं की रेडिएशन?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. लांबण लागेल, पण सगळं एकदाच लिहितो.

आमचे अण्णा, वय ७६. मार्केट यार्डात हळदीची अडत. पेढी आता मी बघतो, तरी सौदे निघाले की अण्णा तिथं हजर. बिडी भरपूर ओढली, २०१६ मध्ये अँजिओप्लास्टी झाली तेव्हा सुटली ती सुटली. शुगर नाही. बीपीची गोळी आणि रक्त पातळ करायची एक गोळी चालू.

गुडघा बदलायचा होता. त्याच्या तपासण्यांत छातीच्या एक्स-रेमध्ये उजवीकडे वर ठिपका दिसला. सीटीत १८ मि.मी.ची गाठ निघाली, उजव्या वरच्या लोबमध्ये (लोब म्हणजे फुफ्फुसाचा मोठा भाग), बाहेरच्या बाजूला. सुईने तुकडा काढून तपासला, एडिनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच. पेट स्कॅनमध्ये बाकी अंग स्वच्छ, फक्त छातीच्या मध्यावर एक ग्रंथी किंचित चमकते. 'जुन्या टीबीमुळेही असू शकेल' असं रिपोर्टात लिहिलंय. श्वासाच्या तपासणीत एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकलेली हवा) ६८ टक्के, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) ६१ टक्के.

आता मतं ऐका. मिरजेचे सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून वरचा लोब काढून टाकू, एवढ्या लवकर सापडलं हे नशीब समजा. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात, पाच सिटिंगमध्ये काम होईल, भूल नाही, टाका नाही. पुण्याचा भाऊ रोबो रोबो करतोय. वाळव्याचे काका म्हणतात, पिकलं पान आहे, कशाला कापाकापी, सुखानं राहू द्या. तासगावच्या आत्या फोनवर नुसत्या रडतात.

घरात ठरल्याप्रमाणे अण्णांना 'गाठ आहे, काय करायचं ते बघतोय' एवढंच सांगितलंय. या वयात फुफ्फुसाचं ऑपरेशन झेपतं का? ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी लिहा.

बिनसाखरेचा_चहा

गाठ सॉलिड (घट्ट) आहे की ग्राउंड ग्लास (धुरकट काचेसारखी), ते रिपोर्टात बघा. आमच्या सासऱ्यांची धुरकट होती. डॉक्टरांनी घाई केली नाही, ठरावीक काळानं सीटी काढत राहिले. फरक मोठा असतो म्हणे.

कृष्णाकाठ

सॉलिड लिहिलंय.

स्टेथो (मिरज)

मी छातीविकारांचा डॉक्टर. रिपोर्ट हातात न घेता तुमच्या अण्णांचा निर्णय मी देणार नाही. आम्ही विचार कसा करतो ते सांगतो. सॉलिड असेल तर सासऱ्यांसारखं थांबणं बाजूला ठेवा.

आधी ती चमकणारी ग्रंथी, वय नंतर. गाठ १ ते २ सेंटिमीटरच्या मधली आणि ग्रंथीत कॅन्सर नाही, तर हा पहिल्या टप्प्यातलाही सुरुवातीचा भाग, आयए-टू. पण छातीच्या मध्यावरच्या ग्रंथीत तो पोचला असेल तर टप्पा एकदम पुढचा. मग तुमचा हा धागाच बदलतो. लोब की पाच सिटिंग हा प्रश्न उरत नाही, औषधांपासून सुरुवात होते. आपल्याकडच्या वयस्कर माणसांच्या छातीत जुन्या टीबीच्या खुणा सर्रास सापडतात, आणि पेट स्कॅनला साखर ओढणारं सगळं सारखंच दिसतं, कॅन्सर काय आणि सूज काय. म्हणून ईबस करून घ्या. श्वासनळीत दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, नळीच्या भिंतीतून सुईने ग्रंथीचा नमुना घेतात. अंगावर कुठे चीर नाही. ते होईपर्यंत ना सर्जनला होकार द्या ना रेडिएशनला.

मग श्वास. हिशोब सोपा आहे. दोन्ही फुफ्फुसं मिळून १९ भाग धरतात, उजव्या वरच्या लोबमध्ये त्यातले ३. लोब काढला तर उरले १६. ६८ ला १६ ने गुणून १९ ने भागा, ५७ येतात. ६१ चे ५१. दोन्ही आकडे ६० च्या वर राहिले असते तर पुढं काही विचारायची गरज नव्हती. एखादा जरी ३० च्या खाली गेला असता तर सायकलवर बसवून ऑक्सिजन मोजायची मोठी तपासणी लागली असती. अण्णा मधल्या पट्ट्यात आहेत. तिथं आधी जिना चढवून बघतात. २२ मीटर उंची, म्हणजे साधारण सात मजले, चढून गेले तर लोब काढायचा धोका कमी समजतात. नाहीतर शटल वॉक (दोन खुणांमध्ये ये-जा करत चालणं) ४०० मीटर. पण गुडघा खराब आहे म्हणता, तेव्हा जिन्यात दम लागून थांबले की गुडघा दुखून, हे बघणाऱ्यानं वेगळं नोंदवायला हवं. मला शंका असेल तर मी सरळ सायकलवाली तपासणीच करतो. त्यात ऑक्सिजन वापराचा आकडा (दर किलो वजनामागे मिनिटाला इतके मि.लि.) २० च्या वर आला तर निर्धास्त, १० च्या खाली आला तर ऑपरेशनचं नाव काढत नाही.

स्टेंट जुना आहे ही जमेची बाजू, तरी इको आणि हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

आणि काकांना माझा नमस्कार सांगा. पहिल्या टप्प्यातला हा कॅन्सर नुसता सोडून दिला तर पाच वर्षं काढणारे फार थोडे असतात. ७६ वर्षांच्या चालत्याफिरत्या माणसाजवळ अजून दहा वर्षं असू शकतात. सुखानं राहू द्या म्हणायला सोपं आहे.

निवांत

डॉक्टरसाहेब, माफ करा, पण आमच्या गावात तीन माणसं बघितलीत. सुरी लागली आणि कॅन्सर अंगभर पसरला.

स्टेथो

त्या तिघांना कोणत्या टप्प्यात टेबलावर घेतलं होतं, ते माहीत आहे का? पूर्वी सीटी नव्हता, पेट नव्हता. छाती उघडल्यावर कळायचं की आधीच पसरलाय. लोकांनी सुरी बघितली, पसरलेलं आधी कुणी बघितलं नव्हतं.

गणिताचे_सर (कराड)

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षक. बायकोच्या वेळी हे सगळं वाचून काढलं होतं, म्हणून लिहितो.

सर्जन लोब म्हणतात, पण लोबच का, हे विचारा. १९९५ साली अमेरिकेत एक तुलना प्रसिद्ध झाली. लोबऐवजी लहान तुकडा काढलेल्यांत त्याच जागी कॅन्सर परतण्याचं प्रमाण तिपटीच्या आसपास निघालं. तेव्हापासून पंचवीसएक वर्षं 'अंगात ताकद असेल तर लोब' हा दंडक. तेव्हाच्या गाठीही आजच्यासारख्या बारीक सापडत नव्हत्या. मग जपानी लोकांनी ११०६ रुग्ण घेतले, सगळ्यांच्या गाठी २ सेंटिमीटरपर्यंतच्या आणि बाहेरच्या बाजूच्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्यांचा लोब काढला, निम्म्यांचा त्यातला फक्त एक भाग, म्हणजे सेगमेंट. २०२२ च्या लॅन्सेटमध्ये निकाल आला. पाच वर्षांनी हयात : लोबवाले ९१.१ टक्के, सेगमेंटवाले ९४.३.

आता गंमत बघा. त्याच जागी कॅन्सर परतणं सेगमेंटवाल्यांत जवळजवळ दुप्पट होतं, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के. तरी जगले तेच जास्त! मी हा तक्ता चारदा वाचला, छपाईची चूक वाटली होती. कारण असं की लोबवाल्यांत दुसऱ्याच कारणांनी गेलेले अधिक होते. फुफ्फुस शिल्लक असेल तर पुढच्या दुखण्याला तोंड देता येतं, असा बहुतेकांनी अर्थ लावला. तो अर्थच आहे, सिद्धता नव्हे. पुढच्याच वर्षी अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ६९७ रुग्णांच्या अभ्यासात लहान तुकडा ८०.३ आणि लोब ७८.९, म्हणजे बरोबरीच.

एक मेख आहे. दोन्ही अभ्यासांतले लोक लोबही झेपेल असे निवडलेले होते. तुमच्या अण्णांइतकी श्वासाची ओढ असलेले त्यात किती, ते मी सांगू शकत नाही. पण गाठ १८ मि.मी. आणि बाहेरच्या बाजूला आहे म्हटल्यावर सर्जनना विचाराच, सेगमेंटवर भागेल का?

स्टेथो

सर, नेमकं. उजव्या वरच्या लोबमधला एकच भाग गेला तर हिशोबात १९ पैकी १८ उरतात. ६८ चे ६४, ६१ चे जवळपास ५८. लोबपेक्षा सहा-सात टक्के जास्त हाताशी. काठावरच्या माणसाला हे सहा-सात टक्के म्हणजे घर दुसऱ्या मजल्यावर असेल तर तिथवर चढून जाता येणं. फक्त सर्जन सेगमेंट नेहमी करणारा हवा. लोबपेक्षा सेगमेंट शोधणं किचकट काम आहे. गाठीभोवती मोकळी जागा सुटायला हवी, आणि ऑपरेशन चालू असतानाच ग्रंथी तपासायला पाठवून, त्यात काही निघालं तर तिथल्या तिथं लोबवर जायची तयारी हवी. वर्षाला किती फुफ्फुसं करता, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. रोबो आहे की साधी दुर्बीण, हा त्यापुढं दुय्यम प्रश्न.

साताऱ्याची_लेक

रेडिएशनच्या बाजूनं कुणीच बोलेना म्हणून लिहिते. माझी आई ८१ वर्षांची. बिडी-तंबाखू नाही, पण कोरेगावकडच्या घरात सगळा जन्म चुलीपुढं गेला. दम्यासारखा त्रास कायमचा. गाठ २ सेंटिमीटरच्या आतबाहेर. सर्जननीच हात जोडले, म्हणाले टेबलावरून उठल्या तरी नळीवरून उठणार नाहीत.

पुण्याला एसबीआरटी (थोड्या सिटिंगमध्ये नेमक्या गाठीवर जोरदार किरण) केलं. पाच सिटिंग, एक दिवसाआड. आई यंत्राखाली पडून राहायची, उठून गाडीत बसायची, वाटेत खंबाटकीच्या अलीकडं चहा मागायची. थकवा आला, महिनाभर जेवण कमी झालं, बाकी काही नाही. आज ती शेजारणीशी भांडते आहे, यापेक्षा काय सांगू.

पण खरं सांगते, त्यानंतरचे स्कॅन जीव खातात. जिथं किरण दिले तिथं व्रण धरतो आणि तो गाठीसारखाच दिसतो. प्रत्येक वेळी रिपोर्टात 'व्रण किंवा पुनरावृत्ती, पुन्हा पाहावे'. काढून टाकलेल्या गाठीचा पॅथॉलॉजीचा कागद तरी हातात असतो.

गणिताचे_सर

ताईंनी लिहिलं ते महत्त्वाचं. ऑपरेशन न झेपणाऱ्यांवर एसबीआरटीचा एक गाजलेला अमेरिकन अभ्यास २०१० मध्ये आला. तीन वर्षांनी मूळ गाठ ताब्यात राहिली ९७.६ टक्के लोकांत, पण हयात होते ५५.८ टक्केच. किरण कमी पडले म्हणून नव्हे, ते लोक मुळातच आजारी होते. असे आकडे ऑपरेशनवाल्यांच्या आकड्यांशेजारी ठेवून 'रेडिएशन कमी' म्हणणं चुकीचं, आणि ९७.६ बघून 'ऑपरेशनची गरजच काय' म्हणणंही तसंच. दोन्ही झेपणाऱ्यांत चिठ्ठ्या टाकून तुलना करायचे प्रयत्न झाले, त्यातले दोन रुग्णच मिळेनात म्हणून बंद पडले, २०१५ मध्ये दोन्हींचा एकत्र निकाल छापला तेव्हा जेमतेम ५८ लोक भरले. कोण माणूस स्वतःच्या छातीसाठी चिठ्ठी टाकू देईल! अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तसा मोठा अभ्यास हाती घेतलाय.

अपशिंगेकर

सैनिकांचा विषय निघाला म्हणून. आमचे चुलते, सुभेदार म्हणून रिटायर, वय ७३. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) झालं. दुर्बिणीतून डावा खालचा लोब काढला. ऑपरेशन झकास झालं, पुढची गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगतो. दुसऱ्या रात्री आयसीयूत नळ्या ओढायला लागले. गार्ड ड्यूटीला उशीर होतोय म्हणत होते, काकूंनाही ओळखेनात. आम्ही हादरलो. नर्स म्हणाली म्हाताऱ्या माणसांत होतं असं, चष्मा आणि कानाचं मशीन आणा, घरचं माणूस जवळ बसवा. दोन रात्रींत उतरलं. मग हृदयाचे ठोके बेताल झाले, त्याला औषध. छातीतली नळी हवा गळत होती म्हणून ठरल्यापेक्षा उशिरा निघाली.

आज ठीक आहेत. पूर्वी अजिंक्यतारा एका दमात चढायचे, आता मध्ये बसतात. शेतातली कामं करतात. विचारलं तर म्हणतात, पुन्हा करेन. काकू म्हणतात, मी नाही करू देणार.

स्टेथो

सुभेदारसाहेबांच्या घरच्यांनी लिहिलं ते छापून टेबलावर ठेवण्यासारखं आहे. ठोके बेताल होणं फुफ्फुसाच्या ऑपरेशननंतर शंभरात दहा-वीस जणांना होतं, वयाबरोबर वाढतं, बहुतेकांत औषधानं जातं. जिवाचा धोका अनुभवी ठिकाणी शंभरात एक-दोन. अण्णांचं वय आणि डीएलसीओ बघता मी त्यापेक्षा थोडा जास्त धरेन.

वाईकर_फिजिओ

ऑपरेशन ठरलं तर आधीचे आठवडे वाया घालवू नका. तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर आजपासून, ऑपरेशननंतर नव्हे. दुखत्या छातीनं नवीन गोष्ट शिकता येत नाही. रोज चालणं, गुडघ्याला जमत नसेल तर खुर्चीत बसून पायांचे व्यायाम, खोकताना उशी छातीशी धरून कसं खोकायचं त्याची तालीम. अंडी-डाळ-दूध वाढवा. घरात दुसरं कुणी बिडी ओढत असेल तर तो अंगणात. पेशंट स्वतः ओढत असते तर निदान चार आठवडे आधी बंद करायला लावलं असतं, अण्णांनी ते काम आधीच करून ठेवलंय.

निवांत

आणि हळद? कर्क्युमिन? सांगलीत राहून हळदीचं नाव नाही?

कृष्णाकाठ

निवांतराव, अण्णा पन्नास वर्षं हळदीच्या धुळीत उभे आहेत. हळदीनं कॅन्सर थांबत असता तर सगळ्यात आधी आमच्या पेढीला कळलं असतं.

स्टेथो

जेवणातली हळद चालू द्या. गोळ्या, काढे, कर्क्युमिनच्या डब्या जे काही चालू असेल ते भूलतज्ज्ञांना सांगा. काही गोष्टी रक्तस्राव वाढवू शकतात, त्यात ते आधीच एक गोळी घेतायत.

मला दुसरंच विचारायचं आहे. इथं एवढ्या लोकांनी लिहिलं, पण अण्णांना काय हवंय? त्यांना 'गाठ' सांगून कोणतं संमतिपत्र सही करून घेणार आहात? सात मजले चढायला लावाल तेव्हा कशासाठी, हे ते विचारणारच.

साताऱ्याची_लेक

+१. आईला आम्ही सांगितलं नव्हतं. रेडिएशनच्या दारावरची पाटी तिनं वाचली. ती मराठी शाळेत शिकवायची, तिला वाचता येतं!

कृष्णाकाठ

मंडळी, थोडी माहिती देतो.

ईबस झालं. ग्रंथीत कॅन्सर नाही, जुन्या टीबीसारख्या सुजेचा रिपोर्ट. सध्याचा टीबी नाही हेही तपासलं.

अण्णांना सांगितलं. काका खोलीबाहेर निघून गेले, आई तिथंच बसून राहिली. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "सौदा काय आहे तो नीट सांग." मी सगळं सांगितलं, लोब, सेगमेंट, किरण. गणिताच्या सरांचे आकडे त्यांनी पेढीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. मग त्यांचे प्रश्न डॉक्टरांच्या प्रश्नांपेक्षा वेगळेच निघाले. ऑक्सिजनचा सिलिंडर घरात लागेल का? आंघोळ स्वतःची स्वतः करता येईल का? गुडघ्याचं ऑपरेशन नंतर करता येईल का? जानेवारीत नवीन हळद बाजारात यायला लागते, तोपर्यंत उभा राहीन का? पाच वर्षांचा टक्का त्यांनी ऐकला आणि सोडून दिला. म्हणाले, "पाच वर्षांनी मी एक्क्याऐंशीचा, तेव्हाचं तेव्हा."

रेडिएशनवर बराच वेळ विचार केला. सोपं आहे हे पटलं. पण 'आत ठेवून जाळायचं आणि मग दर वेळी बघत बसायचं, गेली की नाही' हे त्यांना नको वाटलं. हा त्यांचा स्वभाव आहे, उधारी त्यांना आवडत नाही. साताऱ्याच्या ताईंच्या आईंच्या जागी असते तर त्यांनीही तेच घेतलं असतं, असं स्वतःच म्हणाले.

जिन्याऐवजी सायकलवाली तपासणी करायची ठरलीय. आकडा चांगला आला तर सेगमेंट, आत ग्रंथीत काही निघालं तर लोब. आकडा वाईट आला तर किरण, आणि त्यावर पुन्हा चर्चा नाही, हे अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं. भावाचा रोबो मागं पडला. सेगमेंट नेहमी करणारे सर्जन बघायला मुंबईला टाटाला एकदा दाखवायचं म्हणतोय, महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढलीत.

बिनसाखरेचा_चहा

मुंबईला जाण्याआधी 'नव्या'वर रिपोर्ट टाकून बघा, टाटाशी जोडलेली ऑनलाइन मत देणारी सेवा आहे. कधी कधी उपचार इथंच करा असं लेखी येतं, हेलपाटा वाचतो.

गणिताचे_सर

काढलेल्या गाठीची ईजीएफआर (कॅन्सरच्या जनुकातला एक बदल) तपासणी होते का तेही विचारून ठेवा. एवढ्या लहान गाठीला नंतर गोळी सहसा देत नाहीत, ऑपरेशननंतरच्या त्या गोळीचा अभ्यास एक-बीपासून पुढच्या टप्प्यांवर आहे. पण पॅथॉलॉजीत टप्पा वर सरकला तर उपयोगी पडेल.

अपशिंगेकर

खर्चाचं काय केलंत? वय ७० च्या वर आहे, आयुष्मान भारतचं वय वंदना कार्ड काढलंय का? २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालंय, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत. आधार लागतं.

कृष्णाकाठ

काढलं नव्हतं. महात्मा फुले योजनेचं विचारलं होतं, वय वंदनाचं कुणी बोललं नाही. उद्या सकाळी अण्णांनाच घेऊन जातो. सेगमेंट त्यात बसतं का, कुणाला अनुभव?

साताऱ्याची_लेक

रुग्णालय योजनेत आहे का आणि त्यांच्याकडं हे पॅकेज चालू आहे का, दोन्ही वेगवेगळं विचारा. तिथं आरोग्यमित्र बसतात, त्यांच्या टेबलावर. कार्ड आहे म्हणून सगळं बसतंच असं नाही. आईच्या वेळी पेट स्कॅनचे पैसे आम्हाला वेगळे भरावे लागले होते. बिलं सगळी ठेवा.